मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचं रक्त : पाचव्या दिवशीचं वेगळं, नवव्या दिवशीचं वेगळं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमानांचं मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन आज पाच दिवस झाले, तीन कोंब काढलेत, जखम उघडी ठेवलीय. शौचाला गेले की रक्त पडतं, नंतर तास-दीड तास तळमळतात आणि कालपासून जेवायलाच तयार नाहीत. हे असंच असतं, की परत दवाखान्यात न्यावं, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. एसटीत 26 वर्षं चालक होतो आणि हेच ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी माझं झालंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी पाचव्या दिवसाला शोभेल असंच चाललंय. घाबरावं असं त्यात मला एकच दिसतं, ते म्हणजे जेवण सोडणं. त्यावर पुढे येतो.

आधी दुखण्याचं. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक सीमारेषा असते. तिच्या खालचा भाग कातडीसारखा, टाचणी टोचली तरी जीव कळवळतो. तिच्या वर मात्र कापलेलं, बांधलेलं फारसं जाणवतच नाही. जखम उघडी ठेवतात त्या ऑपरेशनमध्ये जखम येते खालच्या भागात, आणि कोंबाचं मूळ, जिथून रक्तवाहिनी येते, ते वरच्या भागात बांधतात किंवा जाळून बंद करतात. म्हणजे दुखतं एका जागी आणि मोठं रक्त येऊ शकतं दुसऱ्याच जागेतून. हे मला माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोपर्यंत मी दुखण्यावरूनच सगळं मोजत होतो. जास्त दुखतंय म्हणजे बिघडलंय, दुखायचं थांबलं म्हणजे बरा झालो.

स्टेपलरचं ऑपरेशन, म्हणजे यंत्राने कापून पिना मारतात ते, याच कारणाने कमी दुखतं, कारण त्यात काप वरच्या भागात असतो. त्यामुळे ‘आमच्या मेहुण्यांनी तर आठव्या दिवशी दुकान उघडलं’ असं कुणी सांगितलं तर त्यांचं ऑपरेशन कोणतं होतं ते आधी विचारा. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ‘लेझरने अजिबात दुखत नाही’ हे रिक्षाच्या मागच्या जाहिरातीत ठीक आहे.

पहिली शौच मला तिसऱ्या दिवशी झाली. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते आणि बाहेरून बायको ‘अहो, ठीक आहात ना’ म्हणून कडी वाजवत होती. नंतरचं दुखणं जास्त वाईट, कारण ते जखमेचं एकट्याचं नसतं. आतला स्नायू भीतीने आवळतो, आवळला की दुखतं, दुखलं की आणखी आवळतो. म्हणून कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगतात. स्नायू सैल पडतो. शौचानंतर लगेच एकदा आणि एरवी दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघतात ना, तेवढंच गरम. त्यात डेटॉल, तुरटी, मीठ काही टाकू नका, नुसतं पाणी. मी पहिले दोन दिवस शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून डेटॉल टाकून बसलो होतो, त्याची आठवण नको.

गोळ्या वेळेवर द्या, दुखायला लागल्यावर नाही. शौचाच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास गोळी पोटात गेलेली असली की फरक पडतो, पण वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. ट्रामाडॉल असलेली गोळी दिली असेल तर तिने मळ घट्ट होतो, हे लक्षात ठेवा. माझ्या बाबतीत हे कुणी सांगितलंच नव्हतं. इकडे पोट साफ व्हायचं औषध घेतोय आणि तिकडे तीच गोळी पोट बांधून ठेवतेय. मेडिकलवरून आणखी एखादी दुखण्याची गोळी आणून वर देऊ नका. काही गोळ्यांनी रक्त पातळ राहतं, काहींनी पित्त आणि किडनीचा त्रास होतो. यजमान हृदयासाठी इकोस्प्रिन किंवा तसली रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील तर ती आपल्या मनाने बंदही करायची नाही आणि चालूही करायची नाही, सर्जनलाच विचारा.

आता जेवणाचं. शौचाची धास्ती घेऊन माणूस खाणं सोडतो, कारण काही गेलंच नाही तर यायचंही नाही असा हिशोब. हा हिशोब मीही केला होता. होतं असं की मळ तयार होतोच, फक्त थोडा आणि कडक, खड्यासारखा, आणि तो दोन-तीन दिवस आत साठून बसतो. मऊ, भरपूर मळ जखमेला सगळ्यात कमी त्रास देतो. तेव्हा मुगाची खिचडी तुपासोबत, पालेभाजी, दुधी, पपई, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, जे जाईल ते द्या. ठेचा आणि तर्री महिनाभर विसरा. इसबगोल दिलं असेल तर पेला भरून पाण्यात कालवून लगेच प्यायचं, ठेवलं की लापशी होते. आणि दिवसभर पाणी भरपूर हवं, नाहीतर इसबगोलच आत घट्ट होऊन बसतं. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. मोबाईल बाहेर. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं. कुंथायचं नाही.

रक्ताचं नीट सांगतो, कारण मी इथेच चुकलो.

शौचाबरोबर किंवा लगेच नंतर थेंब-थेंब लाल रक्त, कागदाला किंवा पॅडला डाग, पिवळसर-गुलाबी पाणी झिरपणं, हे दोन-तीन आठवडे चालतं, पाणी झिरपणं त्याहून जास्तही. कमोडमधलं पाणी चमचाभर रक्तानेही लालभडक दिसतं, त्यामुळे भांड्याकडे बघून अंदाज करू नका. बघायचं ते एवढंच की शौच झाल्यावर रक्त थांबतं का, आणि दिवसागणिक कमी होतंय का.

दुसरं रक्त वेगळं. बांधलेल्या मुळाचा शेंडा सुकून गळायची वेळ साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात येते. बहुतेकांचा तो मुकाट्याने गळतो, थोड्यांना तिथून रक्त सुटतं. माझा नववा दिवस. सकाळी पहिल्यांदा विशेष न दुखता शौच झाली होती. खूश होऊन मी गिरणीत गेलो, पंधरा किलो दळण खांद्यावर आणलं, रात्री सुनेने केलेली वांग्याची भाजी चापली. साडेदहाला शौचाची जोरात भावना झाली. बसलो तर मळ नाहीच, नुसतं रक्त आणि काळपट गाठी. दुखणं शून्य. वीस मिनिटांनी परत तेच. तिसऱ्यांदा उठताना दरदरून घाम आला, हातपाय गार पडले. रक्त आत साठत होतं आणि मला ती शौचाची भावना वाटत होती.

ऑपरेशन जिथे झालं तिथे मुलाने फोन लावला. फोनवरच्या मुलीने ‘थोडं रक्त येतंच, सकाळी ओपीडीला या’ म्हणून ठेवून दिला. मुलाने ऐकलं नाही, शेजाऱ्यांची गाडी काढून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, भूल देऊन आत बघितलं, एका जागी टाका घातला. हिमोग्लोबिन तेराचं नवावर आलं होतं. रक्त चढवावं लागलं नाही, पण लोहाच्या गोळ्या तीन महिने. (त्या गोळ्यांनी शौच काळी होते, तेव्हा पुन्हा घाबरून डॉक्टरांना फोन केला होता. ते हसले.)

दळणामुळेच झालं असं कुणी ठामपणे म्हणणार नाही, काही न करताही होतं. पण सर्जनने पहिल्या दिवशी ‘दुसऱ्या आठवड्यात रक्त येऊ शकतं’ एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर मी दीड तास संडासाच्या फेऱ्या घालत बसलो नसतो.

तेव्हा शौच नसताना रक्त आलं, गाठी पडल्या, एकामागून एक दोनदा नुसतंच रक्त झालं, तासाभरात पॅड भिजलं, चक्कर-घाम-धडधड यातलं काही झालं, तर दुखत असो वा नसो, रात्र असो वा दिवस, निघायचं. गाडी नसेल तर 108 ला फोन. यजमानांना आडवं ठेवा, गरम पाण्यात बसवू नका, आणि भूल द्यावी लागू शकते म्हणून डॉक्टर बघेपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

एका बाबतीत मात्र दुखण्यावर लक्ष ठेवायचंच. ते रोज थोडं तरी उतरलं पाहिजे. उतरता उतरता पुन्हा चढायला लागलं, शौच नसतानाही सतत ठणकायला लागलं, सोबत 100.4 च्या वर ताप, थंडी, घाण वासाचा पू, किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी दाखवा. क्वचित होतं, पण आत जंतुसंसर्ग पसरतोय याची ती खूण असू शकते. साखरेचा आजार असेल तर आणखी लवकर. लघवी ऑपरेशनच्या रात्री अडकली तर ते पुष्कळांना होतं, मलाही एकदा नळी घालून काढावी लागली. पाचव्या दिवशी अडकली तर ते वेगळं. कमरेत भूल दिली असेल आणि बसलं-उठलं की डोकं फुटतंय, आडवं झालं की थांबतंय असं होत असेल, तर तो त्या सुईचा त्रास, त्यावर उपाय असतो, अंगावर काढू नका.

पुढचं घाईचं नाही. महिन्या-दीड महिन्यात जखम भरते. त्यानंतर शौच पेन्सिलीसारखी बारीक होत राहिली किंवा वायू आवरत नसेल तर दाखवा. बाहेर कातडीची एखादी लोंबती घडी राहते, ती परत आलेली मूळव्याध नव्हे. मी सहा आठवड्यांनी स्टिअरिंगवर बसलो, तेही आधी जवळच्या फेऱ्या मागून घेऊन.

आज त्यांना वाटीभर तरी खिचडी खायला लावा. आणि संध्याकाळी एक काम करा. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर लावून बघा, रात्री तिथे डॉक्टर असतात का आणि नसतील तर कुठे जायचं ते विचारून ठेवा. सातवा दिवस परवाच आहे. काही वाटलं तर इथेच लिहा, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो.