वाचकांचे प्रश्न : अनुभव वहीत लिहायचं तरी काय?

प्रश्न : चौथीला शिकवते. टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी) रोज होतं, डीएडपासूनच्या (शिक्षक पदविकेपासूनच्या) सवयीने अनुभव वहीही लिहिते, म्हणजे वर्गात काय घडलं त्याची स्वतःसाठीची नोंद. पण ‘तास छान झाला, मुलं रमली’ यापलीकडे काही सुचत नाही. वही बंद करू का?
– एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

उत्तर : वही चालू ठेवा, ‘छान’ बंद करा. दिवसभराचे सगळे तास लिहायला बसलं की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ओळ येते आणि ती गुळगुळीतच निघते. त्यापेक्षा एकच जागा निवडा, तुम्ही अडखळलात किंवा चकित झालात अशी.

समजा, ४०२ – १७८ हे उदाहरण दिलं. ‘बऱ्याच मुलांचं चुकलं’ ही नोंद निरुपयोगी. चुकलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवा. कुणी ३७६ लिहिलं असेल : दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन काढले, सातातून शून्य काढलं. कुणी २७४ : याने एककासाठी उसना घेतला तो थेट शतकातून, मधलं शून्य ओलांडून, आणि दशकाच्या घरात सातच ठेवले. पहिल्याला वजाबाकीत कशातून काय काढायचं इथून सुरुवात हवी. दुसऱ्याला शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करायला द्यावेत, मग त्यातला एक सुटा. फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा सोडवून दाखवलं तर दोघांपैकी कुणाचंच भागत नाही. वहीत आकडे असले तरच हा फरक दिसतो.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांनी स्वतःच्या अनुभवावर विचार करण्यासाठी १९८८मध्ये मांडलेल्या चक्रात सहा पायऱ्या आहेत : काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. रोज सहाही भरायला गेलात तर आठवड्यात त्याचं प्रपत्र होईल (प्रपत्रं आपल्याला काय कमी आहेत!). रोज पहिली, चौथी आणि सहावी पुरे. सहावीत ‘जास्त लक्ष देईन’ नको. ‘गुरुवारी काड्यांचे गठ्ठे, आधी ३०५ – १२८’ असं हवं. म्हणजे गुरुवारी ते झालं की नाही, हे तपासता येतं.

आठ-दहा ओळी, दहा मिनिटं. घरी गेल्यावर मुलांचे नेमके शब्द आठवत नाहीत, म्हणून तासालाच टाचणाच्या समासात दोन शब्द टिपून ठेवा.

प्रश्न : मुलांची नावं लिहावीत का? वही कुणी मागितली तर?

उत्तर : नावं नकोत, हजेरी क्रमांकही नकोत, दुसऱ्या शिक्षकाला ते लगेच ओळखता येतात. ‘क’, ‘म’ अशा स्वतःच्या खुणा ठेवा. टाचण तपासणीसाठी असतं, त्यात ही वही मिसळू नका. साहेब वाचणार हे डोक्यात असलं की हात आपोआप ‘छान’ लिहू लागतो.

प्रश्न : लिहितो नियमित, पण मागे वळून वाचत नाही.

उत्तर : मग निम्मं कामच राहतं. उजवं पान लिहायला, डावं कोरं ठेवा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास काढून डाव्या पानावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा : ठरवलेलं केलं का, काय झालं, कोणती अडचण तिसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आलेली अडचण केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडा, जाताना वहीतली ती उत्तरं सोबत न्या.