त्याच रात्री लिहून ठेव

प्रिय मुला,

परवा फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास, "मावशी, सिग्नल न देता लेन बदलली म्हणून पोलिसाने अडवलं, की माझा चेहरा बघून?" तेव्हा मी काहीबाही बोलले. खरं उत्तर असं की एका प्रसंगावरून ते कळत नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही. १९९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने व्रेन खटल्यात ठरवून टाकलं की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल, तर गाडी अडवणाऱ्या पोलिसाच्या मनात आणखी काय होतं, ते झडतीच्या कायद्यात बघितलं जाणार नाही.

आणि नियम कोण मोडत नाही? त्याच वर्षी इथे न्यू जर्सीत सोटो खटल्याचा निकाल लागला. आरोपींच्या बचाव पक्षाने टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, माणसं लावून गाड्या मोजल्या होत्या. ९८ टक्क्यांहून जास्त गाड्या वेगमर्यादेच्या वर निघाल्या. काळी माणसं बसलेल्या गाड्या होत्या १३.५ टक्के, पण अडवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर. पोलीस वर्ण बघून अडवतात, हे न्यायाधीशांना पटलं ते या मोजणीमुळे. म्हणून सांगते, लिहून ठेव.

आता माझं ऐक. साल १९९४ की १९९५, हेही मला सांगता येत नाही, आणि तीच बोच आहे. ऑफिसातला एक सहकारी मला घरी सोडत होता. तो काळा. ट्रूपरने, म्हणजे राज्य पोलिसातल्या शिपायाने, गाडी थांबवली, त्याला खाली उतरवून थंडीत उभं केलं आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना? याला कशा ओळखता?" मी घाईघाईने म्हणाले, "आम्ही फक्त एका ऑफिसात आहोत." फक्त! सहा वर्षं एकत्र डबा खाल्लेला माणूस. माझं ग्रीन कार्ड व्हायचं होतं, मुलगी दोन वर्षांची होती, दुसरं काय बोलायला हवं होतं मी? पण घरी आल्यावर चार ओळी लिहायला कोणी अडवलं होतं?

पुढे एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवरच ट्रूपरांनी चार तरुणांच्या व्हॅनवर गोळ्या झाडल्या, तिघं जखमी झाले. वर्षभराने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कबूल केलं की वर्ण बघून अडवण्याचा हा भेदभाव खराच होतो. तेव्हा तो सहकारी मला म्हणाला, "तारीख आठवते तुला? कुठल्या एक्झिटजवळ?" मला आठवलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तुझे मित्र म्हणतात, आपण भारतीय, आपल्याला काय त्याचं? या वाक्याची मला चीड येते, कारण ते माझंच आहे. परवा तुझ्या गाडीत मागे कोण बसलं होतं, त्यांना काय विचारलं, तेही लिही.

वेळ, माइलपोस्ट, सांगितलेलं कारण, बॅज नंबर, किती मिनिटं थांबवलं. झडती घेऊ का असं विचारलं का? संशयाला आधार नसताना तसं विचारायलाही इथल्या पोलिसांना मनाई आहे, २००२ च्या कार्टी निकालापासून. तू "हो" म्हणाला असलास तर तेही लिही, लाजू नकोस. रस्त्यावर वाद घालू नकोस, हात स्टिअरिंगवर असू देत. तक्रार करायची की नाही, ते मागाहून ठरव. लिहिणं त्याच रात्री. अरे, डिसेंबर १९९९ मध्ये राज्याशी झालेल्या करारात केंद्र सरकारने ट्रूपरांनासुद्धा अडवलेल्या प्रत्येक गाडीमागे चालकाचा वंश आणि अडवण्याचं कारण नोंदवायला लावलं. ते लिहितात, मग तू का नाही?

तू म्हणालास "दहाच्या सुमारास". सुमारास चालणार नाही. टोल आपोआप कापणाऱ्या तुझ्या ई-झीपासच्या खात्यात टर्नपाइकवरून बाहेर पडल्याची वेळ असेल. आज जेवायच्या आधी ती काढ, उतरवून घे आणि मला पाठव.

तुझी,
मावशी