जॉइन फेच लावताय? आधी एकदा लॉग बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचा ऊस बिलांचा डिसेंबर डोळ्यांसमोर आला. हायबरनेटमध्ये (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) 'लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन' येतोय, म्हणजे जोडलेली माहिती मागेपर्यंत डेटाबेसचं सेशन बंद झालेलं असतं, म्हणून सगळी नाती ईगर (लागो न लागो, लगेच आणणारी) केलीत, आता ऑर्डरची यादी उघडायला ४० सेकंद लागतात, आणि कुणीतरी 'जॉइन फेच टाका, झालं' असं सांगितलंय, म्हणजे जोडलेल्या ओळीही त्याच एका क्वेरीत आणा. थांबा. मला त्या जॉइन फेचनेच रडवलंय.

ईगर आजच काढा. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतं ते जावाचं मानक) मॅनी-टू-वन नातं (अनेक ऑर्डर, एक ग्राहक) न सांगताही ईगरच असतं, ते हाताने लेझी (लागेल तेव्हाच आणणारं) करावं लागतं. एंटिटीवर (टेबलासाठीच्या जावा क्लासवर) लिहिलेलं ईगर नंतर एखाद्या क्वेरीपुरतं बंद करता येत नाही. हे तुम्हाला माहीत असेलच.

आता माझा घोळ. साखर कारखान्याचं काम होतं: सभासद, त्याच्या काट्यावरच्या वजन पावत्या, पावतीवर कपाती. गट ऑफिसच्या क्लार्कसाठी सभासदांची यादी, एका पानावर २५ नावं. सभासदाच्या क्वेरीत पावत्यांचा जॉइन फेच टाकला. आधी यादीची एक आणि प्रत्येक सभासदाच्या पावत्यांची एकेक अशा २६ क्वेरी जायच्या, त्यांची एक झाली, मी खूश. टेस्टला ४० सभासद होते, पान झटकन यायचं.

प्रॉडक्शनला १४ हजार सभासद, आणि मागच्या हंगामांसकट पावत्या चार लाखांवर. एका सभासदाच्या ३० पावत्या म्हणजे निकालात ३० ओळी, मग '२५ सभासद' ही मर्यादा डेटाबेसला कशी लावणार? हायबरनेट ती लावतच नाही. सगळ्या ओळी मेमरीत ओढतं आणि तिथे बसून २५ मोजतं. पंधरवड्याचं बिल काढायच्या दिवशी चार गट ऑफिसांनी एकदम यादी उघडली आणि सर्व्हर आडवा. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे, त्यामुळे फोन कोणाकोणाचे आले ते विचारू नका.

चीड याची येते की हायबरनेट हे ओरडून सांगत होतं. एचएचएच०००१०४ नंबरची वॉर्निंग असते: कलेक्शन फेचसोबत मर्यादा दिलीय, मेमरीत लावतोय, पुढे उद्गारचिन्ह. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाने जागा वाचवायला लॉग फक्त एररवर ठेवले होते, वॉर्निंग लिहिलीच जात नव्हती. पातळी बदला म्हटलं तर 'लेखी अर्ज द्या'. दिला. मग 'विभागप्रमुखांची सही नाही'. ११ दिवस गेले, तोवर आम्ही रोज सकाळी सर्व्हर रिस्टार्ट करत होतो. जाऊ दे.

उपाय साधा निघाला. पहिल्या क्वेरीत फक्त २५ सभासदांचे आयडी, तिथे मर्यादा लावा. दुसरीत त्या आयडींवर 'इन' (यादीतलेच आयडी घेणारी एसक्यूएलची अट) लावून जॉइन फेच, आणि क्रम पुन्हा द्या, नाहीतर यादी विस्कटते. २३एआयच्या आधीचं ओरॅकल असेल तर इनमध्ये १००० च्या वर जाऊ नका. शिवाय 'फेल ऑन पेजिनेशन ओव्हर कलेक्शन फेच' ही सेटिंग ट्रू करा. मग असली क्वेरी वॉर्निंग न देता सरळ फुटते, तीही तुमच्या मशीनवर.

माझं मत विचाराल तर नुसत्या बघायच्या यादीसाठी एंटिटी आणूच नयेत. लागतील तेवढे चार कॉलम डीटीओत (फक्त माहिती वाहून नेणाऱ्या साध्या क्लासमध्ये) घ्या. रिपोर्टला तर मी सरळ एसक्यूएल लिहितो, कुणी 'शुद्ध डिझाइन नाही' म्हणालं तर म्हणू दे. हे सगळं हायबरनेट ५ वरचं आहे, तुमची आवृत्ती वेगळी असेल तर तपासून घ्या. आणि स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) असेल तर ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे पान तयार होईपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणारी सेटिंग, आपोआप चालू असतं. ते बंद केल्यावर लपलेले लेझी एक्सेप्शन बाहेर येतात, पहिले दोन दिवस शिव्या द्याल.

एक पान उघडल्यावर नेमक्या किती क्वेरी जातात तो आकडा इथे टाका, मग मॅपिंग बघू.