वळणापलीकडचा सायकलवाला

चिरंजीवास आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा तू नवी गाडी दाखवायला घेऊन आलास, मला शेजारी बसवून एक चक्कर मारलीस, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला फार बरं वाटलं. पहिला पगार झाल्यापासून तू या गाडीसाठी पैसे साठवत होतास, हे मला माहीत आहे. पण उतरताना तू म्हणालास, "रविवारी पहाटे ताम्हिणीला जातो आत्या, त्या वेळी रस्ता रिकामा असतो, गाडी मोकळी करता येईल." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करून विषय मिटवतोस. म्हणून लिहिते आहे. तुला गाडी शिकवली ती मीच, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

गाडी वेगात चालवण्यात काय सुख आहे ते मला माहीत आहे. चाळीस वर्षं मी घाटांमधून गाड्या चालवल्या आणि त्यातला एकही घाट मला कंटाळवाणा वाटला नाही. तेव्हा हळू जा, जपून जा एवढंच सांगून मी थांबणार नाही. कुठे हळू, का हळू आणि किती हळू, हे तुला नीट कळायला हवं.

आधी तुझ्या त्या रिकाम्या रस्त्याबद्दल. रविवारची पहाट तुला सोयीची वाटते ती ट्रक कमी, ऊन नाही, हवा थंड म्हणून. सायकलवाल्यांनाही ती त्याच कारणांनी सोयीची वाटते. पाच वाजता चांदणी चौकात उभा राहून बघ. भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीकडे निघालेल्या सायकलींचे लाल दिवे ओळीने लुकलुकताना दिसतील. त्यांतले काही आदल्या दिवसापासून सायकलवर असतात. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड असतात, त्यात 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि 600 किलोमीटरला 40 तास. 600 वाला माणूस परतीच्या वाटेवर तुला पहाटे भेटेल तेव्हा त्याची रात्र जवळजवळ जागून गेलेली असेल. तो सरळ रेषेत सायकल चालवेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. मुंबईकडे जातानाही तेच. एक्स्प्रेस वेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे सगळ्या सायकली जुन्या हायवेने बोरघाट चढतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो तो याच चढावर. शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी थांबवून नमस्कार करशील तेव्हा दोन मिनिटं चढणाऱ्यांकडेही बघ. मान खाली, श्वास फुललेला, पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतंय. त्या क्षणी त्यांना मागचं काही ऐकू येत नसतं.

आणि सायकलवर फक्त हौशी लोक नसतात. दूध घालणारे, शेतावर निघालेले, शाळेत जाणाऱ्या पोरी. त्यांच्याकडे ना लाल दिवा, ना चमकणारं जाकीट.

1998 सालची गोष्ट आहे, तुझ्या बाबालाही मी कधी सांगितलेली नाही. पसरणी घाटातून मी एकटी पाचगणीला चालले होते. सकाळचे साडेसहा वाजले असतील. माझी एस्टीम तेव्हा नवी होती, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेली. डावीकडे डोंगर आणि डावीकडेच वळण. मी तिसऱ्या गिअरमध्ये छान लयीत होते. वळले, तर समोर पंधरा-वीस पावलांवर एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून चढ चढत होते, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या. मी कचकन ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी खडीवरून घसरत गेली आणि थांबली तेव्हा बंपर आणि त्यांचं मागचं चाक यांत एक वीत अंतर होतं. किटलीचं झाकण कडीला लोंबकळत टणटण वाजत होतं. ते मागे वळले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सायकल आणखी थोडी डोंगराकडे सरकवली. जणू चूक त्यांचीच होती. मी खाली उतरून माफी मागितली. ते म्हणाले, "जावा बाई, उशीर होईल." ते झाकण मला अजून ऐकू येतं.

त्या दिवशी माझा वेग फार नव्हता. चूक वेगळीच होती. मला जेवढा रस्ता दिसत होता, तेवढ्यात थांबता येईल असा तो वेग नव्हता. तुला पाळायचा नियम हाच एक आहे, बाकी सगळं त्यातून येतं. घाटात वेग ठरवतो तो न दिसणारा रस्ता. प्रत्येक आंधळ्या वळणापलीकडे एक सायकलवाला चढतो आहे असं धरून चालायचं. आपण डावीकडून चालतो, तोही डावीकडूनच चालतो. डावीकडे वळणारा रस्ता डोंगराला लागून असला की नजर सगळ्यांत कमी पोचते, आणि तो नेमका तिथेच असतो.

वळण घेताना एक खूण बघत जा. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेवर नजर ठेव. ती जागा तुझ्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, पाय आधीच उचल. ती पुढे पळायला लागली तर वळण उलगडतंय, मग गॅस दे. वळणाच्या आत ब्रेक मारायची वेळ येता कामा नये, ब्रेक सरळ रस्त्यावर असतानाच संपवायचा.

आता आकडे, कारण तू इंजिनीअर आहेस. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच 33 मीटर संपले. चांगल्या टायरांवर, कोरड्या सपाट रस्त्यावर थांबायला आणखी साधारण 35. म्हणजे जवळजवळ 70 मीटर. हेच 40 ला केलंस तर एकूण पंचवीसेक मीटर पुरतात. उतार असेल, ओल असेल तर दोन्ही आकडे वाढतात. ताम्हिणीतल्या किती वळणांवर तुला 70 मीटर स्वच्छ दिसतात, ते एकदा शांतपणे बघून ये.

तुझ्या गाडीची अडचण ही की ती काही सांगत नाही. आमची प्रीमियर पद्मिनी सत्तरला थरथरायची, स्टिअरिंग हातात नाचायचं, काच खडखडायची. वेग अंगाला कळायचा. तुझ्या गाडीत 90 ला माझ्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. टर्बो, ऑटोमॅटिक गिअर, जाड काचा, उत्तम सस्पेन्शन, सगळं वेग लपवण्यासाठीच केल्यासारखं. म्हणून घाटात स्पीडोमीटरकडे दुप्पट वेळा बघ. आणि घसरती गाडी सावरणारी ईएससी आहे, एबीएस आहे या भरवशावर राहू नकोस. चाकाला रस्त्याची पकडच नसेल तर कुठलंही यंत्र ती आणून देत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3221 म्हणजे 2021 चा बत्तिसावा आठवडा. नव्या गाडीचेही एकदा वाचून ठेव.

ओव्हरटेकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जास्तीत जास्त कट तिथेच मारले जातात.

सायकलवाल्याला मागून हॉर्न मारायचा नाही. फार वाटलंच तर बऱ्याच लांबून, एकदाच, हलका. अगदी पाठीशी येऊन वाजवलास तर तो दचकतो आणि दचकलेला माणूस उजवीकडे झुकतो, कारण तो मान वळवून उजवीकडेच मागे बघतो. मागे राहायचं, दुसऱ्या गिअरमध्ये, त्याला दडपण येणार नाही एवढं अंतर ठेवून. समोर पुरेसा रस्ता दिसला की पूर्ण उजव्या लेनमध्ये जाऊन पुढे जायचं. फ्रान्स आणि स्पेनमध्ये गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर कायद्याने ठेवावं लागतं, जर्मनीत दोन मीटर. आपल्या घाटात दोन मीटरच धर. आपल्याकडे साइडपट्टी खचलेली असते आणि खड्डा चुकवायला सायकल हातभर उजवीकडे येतेच. त्यात वेगातल्या गाडीचा वारा लागला की सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते.

एकटा सायकलवाला तीन-चार सेकंदांत मागे पडतो. पण दहा जणांचा घोळका असेल तर हिशोब बदलतो. ते 20 ने चाललेत, तू 40 ने. घोळका वीस मीटर लांब, मागे-पुढे वीस-वीस मीटर मोकळे धरले तर तुला अकरा सेकंद लागतील आणि तेवढ्यात तू सव्वाशे मीटर जाशील. समोरून कुणी 60 ने येत असेल तर तो त्याच वेळात 180 मीटर जवळ येईल. म्हणजे तीनशे मीटर स्वच्छ रस्ता हवा. ताम्हिणीत तो क्वचितच मिळतो. ते जोडीजोडीने चालले म्हणून चिडू नकोस, जोडीने चालल्यामुळे घोळका निम्मा आखूड होतो आणि तुझाच वेळ वाचतो. पुढे गेल्यावर लगेच डावीकडे यायचं नाही. आतल्या आरशात सायकलची दोन्ही चाकं दिसली की मग ये.

आणि नाहीच मिळाली जागा, तर? अर्धा किलोमीटर दहाच्या वेगाने मागे राहिलास तर तीन मिनिटं लागतील. चाळीसने गेला असतास तर पाऊण मिनिट. म्हणजे गेली किती, सव्वादोन मिनिटं.

उतारावर उलटं होतं, आणि हे गाडीवाल्यांना सहसा माहीत नसतं. उतरणारी सायकल सहज 50 ची असते आणि वळणावर तुझ्याहून चपळ असते. तिला घाईने मागे टाकून पुढच्या वळणाआधी तू ब्रेक मारलास तर ती तुझ्या डिकीवर आदळेल. उतारावर सायकलवाला लेनच्या मधोमध चालतो, कडेच्या खडीपासून वाचायला. त्याला तसंच जाऊ दे. तू स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घे, इंजिनवर उतर, पण मधूनमधून ब्रेक पेडलला नुसता स्पर्श कर, म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसेल. इंजिनने वेग कमी होतो तेव्हा दिवा लागत नाही. अरुंद जागी समोरून कुणी चढत असेल तर थांबायचं ते उतरणाऱ्याने. 2017 च्या वाहन चालन विनियमांत हेच लिहिलंय, आणि पायांनी चढणाऱ्याला तर ते दहापट लागू आहे.

कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताना उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही सेकंद काहीच दिसत नाही. दिवे लाव, वेग आधीच मोडून घे. उजव्या वळणावर काचेच्या कडेचा जाड खांब अख्खी सायकल लपवतो, तेव्हा डोकं थोडं पुढे-मागे करून बघ. धुक्यात अप्पर, म्हणजे दिव्याचा लांबचा झोत, लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, खालचा झोत, डिपरच ठेव. धबधब्यापाशी गाडी लावलीस की दार डाव्या हाताने उघड. हात आडवा जाताना खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडायचं. मित्रांनाही ही सवय लाव. आणि गाडीत बसून रील काढणार असाल तर तू चालवू नकोस, दुसऱ्यालाही चालवू देऊ नकोस. यात मला काही ऐकायचं नाही.

गाडीचा खरा दम बघायचाच आहे ना? मग कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जा. तिथे समोरून कुणी येत नाही, कडेने कुणी चढत नाही, आणि शिकवणारे लोक असतात. त्या फेरीचे पैसे मी देते, वाढदिवसाची भेट समज.

येत्या रविवारची ताम्हिणी मात्र पुढे ढकल. तुझ्या बाबाची जुनी सायकल मी माळ्यावरून काढून दुरुस्त करून आणली आहे, टायर-ट्यूब नवे टाकलेत. गाडी घरी ठेव आणि पहाटे पावणेपाचला माझ्याकडे ये. मुळशीपर्यंत जाऊ, पौडला चहा-पोहे होतील. चढावर तुझ्या उजव्या कोपराजवळून एखादी गाडी जाईल तेव्हा मी बोलणार नाही, तू आपला लक्ष दे. शनिवारी संध्याकाळी एकदा येऊन जा, सीटची उंची तुझ्या पायाच्या मापाने लावावी लागेल.

तुझी,
आत्या