इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेमकं काय मानतात? गाभ्याच्या शिकवणी कोणत्या आणि मतभेदाच्या कोणत्या?

तुमचा ऑफिसातला सहकारी स्वतःला 'कॅथलिक नाही, इव्हँजेलिकल' म्हणवतो. त्याच्या चर्चच्या पत्रकावर विश्वासाची बरीच कलमं छापलेली आहेत. त्यातली मुख्य कोणती, आणि 'केवळ विश्वासाने तारण' (तारण म्हणजे पापापासून सुटका) म्हणजे मग कसंही वागलं तरी चालतं का, असं तुम्ही विचारलंय. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो सुटला की बाकीची कलमं आपापल्या जागी बसतात, म्हणून जास्त शब्द तिथेच खर्च करतो.

आधी एक गैरसमज दूर करू. इव्हँजेलिकल हा स्वतंत्र पंथ नाही. त्याला पोप नाही, मुख्यालय नाही. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, अँग्लिकन, ब्रदरेन, पेंटेकॉस्टल आणि कुठल्याच संस्थेशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्या, या सगळ्या प्रोटेस्टंट (कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या) शाखांमधून वाहणारा हा एक प्रवाह आहे. आपल्याकडच्या सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एखादी मंडळी पूर्णपणे या वळणाची असते, तर त्याच सीएनआयची दुसरी नसते. त्यामुळे चर्चच्या पाटीवरून काहीच सांगता येत नाही.

मग ओळखायचं कसं? ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या: बायबलला सर्वोच्च मान, क्रूसावरच्या मरणावर भर, व्यक्तीचं अंतःकरणातून झालेलं परिवर्तन, आणि ही श्रद्धा कृतीत व प्रचारात उतरवण्याची धडपड. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स आणि लाइफवे रिसर्च यांनी सर्वेक्षणांसाठी साधारण हीच गोष्ट चार विधानांत बसवली. मी जे मानतो त्यासाठी बायबल हा सर्वोच्च अधिकार आहे. ख्रिस्ती नसलेल्यांना येशूवर विश्वास ठेवायला सांगणं मला व्यक्तिशः फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या पापाची शिक्षा दूर करू शकेल असा एकच यज्ञ म्हणजे येशूचं क्रूसावरचं मरण. आणि केवळ येशूवर भरवसा ठेवणाऱ्यांनाच सार्वकालिक तारणाचं फुकट दान मिळतं. चारही विधानांना 'पूर्ण सहमत' म्हणणारा तो इव्हँजेलिकल. 'थोडाफार सहमत' चालत नाही. या चारांत मतदानाचा उल्लेख नाही हेही पाहा. अमेरिकी बातम्यांतला 'इव्हँजेलिकल मतदार' हे वेगळंच प्रकरण आहे.

आता पत्रकावरची कलमं. त्यातली निम्मी कॅथलिकांनाही मान्य असतात, आणि इथेच वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींमध्ये (याला त्रैक्य म्हणतात), येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, कुमारीपोटी जन्म, देहासह पुनरुत्थान, पुन्हा येणं. हे सगळं निकिया (३२५) आणि खल्केदोन (४५१) इथल्या परिषदांपासून चालत आलेलं आहे. इव्हँजेलिकलांची ही खासियत नव्हे, पण हा पाया काढून चालत नाही. म्हणूनच दारोदार मासिकं वाटणारे यहोवाचे साक्षीदार बायबल कितीही उद्धृत करोत, त्रैक्य नाकारत असल्यामुळे इव्हँजेलिकल त्यांना आपल्यात मोजत नाहीत.

खरा फरक बायबलच्या अधिकारापासून सुरू होतो. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. कॅथलिक चर्च शास्त्राबरोबर परंपरा आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकारही मानतं. इव्हँजेलिकल म्हणतो, परंपरा ऐकावी, पण तिला शास्त्रापुढे उभं करून तपासावं. १८४६ मध्ये लंडनला इव्हँजेलिकल अलायन्स स्थापन झाली तेव्हा तिच्या नऊ कलमांत शास्त्राचा अर्थ लावताना स्वतःचा विवेक वापरणं हा प्रत्येकाचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असं कलम होतं. इतकी वेगवेगळी चर्चं का निघतात याचं अर्धं उत्तर या कलमात आहे!

'बायबल अचूक आहे' हे वाक्य पत्रकावर असेल तर पुढचे दोन शब्द बघा: 'मूळ लिखाणात'. १९७८ मध्ये इव्हँजेलिकल अभ्यासकांनी काढलेल्या शिकागो जाहीरनाम्याने हीच अट घातली. हातांनी उतरवलेल्या प्रतींमध्ये फरक पडले हे इव्हँजेलिकल अभ्यासकही मान्य करतात. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे उतारे सर्वांत जुन्या प्रतींमध्ये नाहीत, आणि बहुतेक आधुनिक भाषांतरं तसं कंसाने किंवा तळटीपेने सांगतात. १९७४ मध्ये जगभरच्या इव्हँजेलिकलांच्या परिषदेत झालेला लोझान करार शब्द जरा वेगळे वापरतो: बायबल जे काही ठामपणे सांगतं त्यात ते चूक नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातले सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच की नाही, हा वाद या 'जे ठामपणे सांगतं' मध्ये शिरतो. दोन्ही बाजूंना इव्हँजेलिकल भेटतील.

आता गाभा. पाप, क्रूस, नीतिमान ठरणं आणि नवा जन्म या चार शिकवणी एकमेकींवर टेकून उभ्या आहेत. एक सुटी काढून तपासली की ती हास्यास्पद किंवा क्रूर वाटते, आणि टीकाकार बहुधा तेच करतात.

पाप. आपल्या मनात पाप-पुण्याचा हिशोब असतो: एवढं वाईट केलं, तेवढं चांगलं करून फेडलं. इथे तो हिशोबच नाही. उत्पत्ती ३ आणि रोमकरांस ५ यांच्या आधारे इव्हँजेलिकल म्हणतात की माणसाचं देवाशी असलेलं नातंच तुटलंय, आणि त्याची बुद्धी, इच्छा, भावना, कुठलाच भाग त्यातून सुटलेला नाही. याचा अर्थ प्रत्येक माणूस जितका वाईट होऊ शकतो तितका आहे असा नव्हे. शेजारचा नास्तिक डॉक्टर चर्चमधल्या पाळकापेक्षा जास्त सज्जन असू शकतो, हे त्यांना मान्य असतं. मुद्दा एवढाच की सज्जनपणाने ते नातं जुळत नाही.

क्रूस. पापाची शिक्षा येशूने आपल्याऐवजी सोसली. आधार यशया ५३, रोमकरांस ३:२१-२६, २ करिंथ ५:२१. हमखास येणारा आक्षेप असा: रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला शिक्षा दिली, यात न्याय कसला? आक्षेप बिनतोड आहे, जर येशू देवाहून वेगळा कुणी तिसरा असेल तर. पण त्रैक्य धरून वाचलं तर न्यायाधीशानेच शिक्षा स्वतःवर घेतली असा अर्थ होतो, आणि पुत्राने ती स्वखुशीने घेतली (योहान १०:१८). म्हणून त्रैक्याचं कलम पत्रकावर वरच्या बाजूला असतं. ते केवळ परंपरेने आलेलं शोभेचं कलम नाही. बऱ्याच प्रवचनांत हा दुवा गाळला जातो आणि ऐकणाऱ्याच्या मनात क्रूर बापाचंच चित्र उरतं. दोष शिकवणीपेक्षा शिकवणाऱ्याचा आहे, असं माझं मत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नीतिमान ठरणं हा इव्हँजेलिकल विचारात न्यायालयातला निकाल आहे. येशूचं नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या नावे मोजलं जातं आणि देव त्याला त्याच क्षणी, एकदाच, निर्दोष जाहीर करतो. माणूस आतून अजून सुधारलेला नसतो, तरीही. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत वेगळं मांडलं: नीतिमान ठरण्यात आतून पवित्र होत जाणंही येतं, आणि देवाच्या कृपेने केलेल्या सत्कृत्यांनी ते वाढत जातं. दोघेही 'कृपेने' म्हणतात. भांडण 'केवळ विश्वासाने' यातल्या 'केवळ' वर आहे. १९९९ मध्ये लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतलं प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक चर्चने या विषयावर संयुक्त जाहीरनामा काढला, तरी बऱ्याच इव्हँजेलिकलांना ती दरी बुजली असं वाटत नाही.

मग वागणुकीचं काय? इफिसकरांस २:८-१० या तीन वचनांचा क्रम पाहा. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे, आणि लगेच, सत्कृत्यं करण्यासाठी निर्माण केलेले. सत्कृत्यं आहेतच, पण ती निकालानंतर येतात. निकाल मिळवण्यासाठी ती करायची नसतात. याकोब २:२४ मध्ये माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो असं सरळ लिहिलंय, आणि कॅथलिक मित्र तेच वचन पुढे करतील. इव्हँजेलिकल उत्तर असं की याकोब ज्या 'विश्वासा'बद्दल बोलतो तो नुसता होकार आहे. तसा तर भुतेही धरतात, हे त्याच अध्यायात १९ व्या वचनात आहे. जिवंत विश्वासातून कर्मं निघतातच, आणि निघत नसतील तर विश्वासच नव्हता. थोडक्यात, 'कसंही वागा' ही मोकळीक नाही. पण ती मोकळीक आहे असं समजून वागणारी माणसं मात्र भरपूर आहेत.

याला कारण बहुतेक वेळा एक पद्धत असते. सभेत हात वर करायला लावायचा, चार ओळींची प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि 'आता तुमचं तारण झालं' असं सांगून टाकायचं. तशी ठरावीक प्रार्थना बायबलात कुठेही नाही. तिथे पश्चात्ताप आणि विश्वास एकत्र येतात (मार्क १:१५), आणि पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटणं नसून दिशा बदलणं.

नवा जन्म (योहान ३:३) हे त्या बदलाचं नाव. तो पवित्र आत्मा घडवतो. विधी, जन्म किंवा चर्चची वही घडवत नाही. मराठी वाचकाला याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तुमचा सहकारी 'माझं तारण अमुक साली झालं' म्हणत असेल आणि ते साल त्याच्या बाप्तिस्म्याचं नसेल, तर तो याच अर्थाने बोलतोय.

याच शिकवणीतून आणखी एक गोष्ट निघते, जी धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी क्वचितच बोलली जाते. नवा जन्म आत्म्याचंच काम असेल तर दबावाने किंवा आमिषाने दिलेला बाप्तिस्मा त्यांच्याच सिद्धांतानुसार निरर्थक ठरतो. लोझान करारातल्या पंधरा कलमांपैकी बाराव्यात, ऐकणाऱ्यांवर दबावतंत्र वापरल्याची आणि आकड्यांत गुंतून, प्रसंगी ते आकडे अप्रामाणिकपणे वापरल्याची स्पष्ट कबुलीच दिली आहे. या कराराच्या मसुद्याचं काम प्रामुख्याने ब्रिटिश अँग्लिकन पाळक जॉन स्टॉट यांनी केलं होतं.

गौण काय, ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे: काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते पाहा. नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सच्या सात कलमांत बाप्तिस्म्याचा उल्लेखच नाही. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचा नाही, पृथ्वीच्या वयाचा नाही, प्रकटीकरण २० मधल्या येशूच्या हजार वर्षांच्या राज्याचा नाही. हे विसरून राहिलेलं नाही. यांवर एकमत होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मुद्दाम सोडलेलं आहे. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की कळत्या वयात पाण्यात बुडवून? बॅप्टिस्ट दुसरं सांगतात. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या सीएनआयने दोन्ही चालवून घेतले. माणूस देवाला निवडतो की देव आधीच माणसाला? अठराव्या शतकात या चळवळीचे दोन मोठे प्रचारक, जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड, यावरच भांडले. मिळालेलं तारण गमावता येतं का, हे त्याच वादाचं शेपूट. नरकातली शिक्षा कायमची आणि जाणिवेसह, असं बहुसंख्य मानतात. शिक्षा कायम न चालता शेवटी माणसाचा नाश होतो असं मानणारा अल्पमताचा गटही इव्हँजेलिकलच, असं ब्रिटिश इव्हँजेलिकल अलायन्सच्या २००० सालच्या अहवालाने मान्य केलं.

येशूखेरीज तारण नाही (योहान १४:६) हे मात्र गौण नाही. इतर धर्मीयांना सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, आणि सहकाऱ्याने ते गोड करून सांगितलं तर तो तुमचं मन राखतोय असं समजा.

'विश्वास ठेवा म्हणजे पैसा आणि आरोग्य मिळेल' हे यातल्या कुठल्याच मान्य जाहीरनाम्यात नाही. मोठ्या सभांमध्ये ऐकू येतं म्हणून लोक त्यालाच मुख्य शिकवण समजतात.

पत्रक पुन्हा हातात घ्याल तेव्हा तारणाचं कलम आधी वाचा आणि 'केवळ' हा शब्द शोधा. मग क्रूसाच्या कलमात 'आपल्याऐवजी' किंवा त्या अर्थाचं काही आहे का ते बघा. पुनरुत्थान 'देहासह' म्हटलंय का? हे तिन्ही असेल तर चर्च बहुधा इव्हँजेलिकल आहे. उरलेल्या कलमांवरून ते कुठल्या जातीचं इव्हँजेलिकल ते कळेल: अन्य भाषांचं कलम असेल तर बहुधा पेंटेकॉस्टल, बुडवून बाप्तिस्मा असेल तर बॅप्टिस्ट किंवा ब्रदरेन वळणाचं (पेंटेकॉस्टलही बुडवूनच देतात), हजार वर्षांच्या राज्याचं सविस्तर वेळापत्रक असेल तर जॉन नेल्सन डार्बी या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रदरेन शिक्षकाच्या परंपरेतलं. आणि वर्गणी किंवा दशांशाचं (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचं) कलम तारणाच्या कलमापेक्षा लांब असेल, तर सहकाऱ्याला त्याबद्दल जरूर विचारा.