थेरपीत नुसतं बोलायचंच असतं, तर ते मित्रांशी बोलून होत नाही का?

चार महिने झोप नीट नाही, सकाळी कामाच्या विचारानेच धडधडायला लागतं आणि मैत्रिणीशी बोलून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचताना मला माझे दिवस आठवले. मीही वर्षभर हाच प्रश्न धरून बसले होते आणि त्यात फार वेळ घालवला, म्हणून सविस्तर लिहिते.

बोलून मन हलकं होतं, यात शंका नाही. पण मैत्रीण आपली बाजू घेते. "तुझं काही चुकलं नाही गं" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन वाजला की पोटात तसाच गोळा येतो. माझ्या थेरपिस्टने तिसऱ्या भेटीत एकच प्रश्न विचारला, "फोन वाजणं आणि पोटात गोळा येणं, या दोन्हींच्या मधे मनात काय येऊन गेलं?" मला उत्तर देता येईना. त्या आठवड्यात लक्ष ठेवलं तेव्हा सापडलं: 'माझ्या हातून काहीतरी चुकलंय आणि आता ते सगळ्यांना कळणार.' फोन उचलण्याआधीच मी स्वतःला दोषी ठरवून मोकळी व्हायची.

घटना, तिच्याबद्दलचा आपला विचार आणि त्यातून होणारा त्रास, ही साखळी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मध्यवर्ती आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी 1960च्या दशकात मांडलेली, विचार तपासून पाहण्याची पद्धतही याच अंगाने जाते. वाचायला हे सोपं वाटतं. करताना मात्र वही लागते. मी रोज लिहायचे: काय झालं, मनात काय आलं, शरीराला काय जाणवलं, आणि त्या विचाराला पुरावा काय. तीन आठवड्यांत 23 नोंदी झाल्या. त्यांतल्या फक्त दोन वेळा माझी खरोखर चूक होती, आणि त्या दोन्ही चुका निस्तरल्याही गेल्या होत्या. हे मला दुसऱ्या कुणी समजावून पटलं नसतं, माझ्याच अक्षरात होतं म्हणून पटलं.

खरी मेहनत दोन भेटींच्या मधल्या दिवसांत असते. एका तासाच्या बोलण्यावर विसंबून राहिलात तर फरक फार हळू पडेल.

झोपेसाठी संध्याकाळी वीस मिनिटं 'काळजीची वेळ' ठरवली होती. रात्री विचार आला की "उद्या सहाला" असं म्हणून कागदावर टिपायचं. पहिले आठ-दहा दिवस काहीच जमलं नाही, मग हळूहळू जमलं.

अडचणीही सांगते. मी आधी ज्यांच्याकडे गेले ते भेटभर उपदेशच करत होते, दोन भेटींनंतर मी जाणं थांबवलं. थेरपिस्ट बदलण्यात अपमान कुणाचाच नाही. दुसऱ्यांकडेही मधे एकदा जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. सोडून द्यावं असं वाटत होतं, पण धीर करून तेच त्यांना सांगितलं, आणि ती भेट सगळ्यांत उपयोगाची ठरली.

कामाचा बोजा थेरपीने कमी होत नाही. तो कमी करायला मला "हे या आठवड्यात होणार नाही" हे वाक्य साहेबांसमोर म्हणावं लागलं. थेरपिस्टसमोर त्याची चार वेळा तालीम केली होती, तरी आवाज कापलाच.

तुमची धडधड आहे म्हणून आधी साध्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड वाढलं तरी धडधड होते, झोप जाते. गोळ्यांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, थेरपीबरोबर त्याही चालतात. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

पहिल्या भेटीला जाताना गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग लिहून न्या. सगळं आयुष्य सांगायला बसलात तर तास तिथेच संपतो, माझा संपला होता.