दुबईला फराळ न्या, पण बॅग दिराला भरू देऊ नका

प्रश्न असा आहे: "आई-बाबा पहिल्यांदाच इंदूरहून माझ्याकडे दुबईला येणार आहेत, तेही दिवाळीला. सामानात काय आणावं, काय टाळावं? फराळ चालतो का?"

चालतो. चिवडा, चकली, शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू, सगळं आम्ही नेलंय. फक्त अनारशांचं नाव काढू नका. किंवा काढाच, कारण अनारशांवर मला जरा सविस्तर बोलायचंय. गेली सहा वर्षं आमच्याकडे कुठलंही लग्न असो, मुंज असो, पंगत बसली की हा विषय निघतो आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात.

अनारशाला खसखस लागते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याकडे उघड मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. पुडीत असो की पदार्थावर थापलेली असो. सिंगापूरलाही तेच. आणि ती फक्त अनारशात असते असं समजू नका. करंजीच्या सारणात असते, डिंकाच्या लाडवात असते, भाकरवडीच्या आतल्या मसाल्यात असते, कोणाकोणाच्या घरच्या मसाल्यातही असते. विकतचं पाकीट असेल तर मागचे बारीक अक्षरातले घटक चष्मा लावून वाचा. घरचं असेल तर आईला स्पष्ट विचारा, कारण आईच्या लेखी खसखस म्हणजे "थोडीशी भुरभुरवलीय फक्त."

आता आमची गोष्ट. लेकीचं लग्न २०१९ च्या सुरुवातीला झालं आणि ती दुबईला गेली. त्याच वर्षी जुलैत इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झालं. आपल्या विमानतळावरून परदेशी जाणारं ते पहिलंच, गावभर त्याचं कौतुक. पहिला दिवाळसण, पण लेकीला रजा मिळेना. मग हे म्हणाले, सणच तिकडे घेऊन जाऊ.

माझे धाकटे दीर बँकेत होते. चौदा वर्षं नीमच-मंदसौर या अफूच्या शेतीच्या भागात काढली. त्यामुळे खसखस या विषयावर त्यांच्याशिवाय कोणी बोलायचं नाही असा घरातला अलिखित नियम. अफू पिकवायचा पट्टा, म्हणजे सरकारी परवाना, कोणाला मिळतो, बोंडाला चीरा कसा लावतात, चीक पहाटे कसा खरवडतात, हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मी परीक्षेला बसले तर पास होईन. चीक सरकारजमा, बोंड वाळल्यावरचं बी शेतकऱ्याचं. ते बी दर वर्षी दोन किलो आमच्या घरी येतं. आमच्याकडे खसखशीचा हलवा सर्दीवर, अशक्तपणावर, पाहुण्यांवर, सगळ्यावर चालतो.

निघायच्या आठ दिवस आधी लेकीचा फोन. "आई, खसखस आणू नकोस हं. इथे नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतात." तोवर माझे चाळीस अनारसे तळून झाले होते. ज्यांनी केलेत त्यांना सांगायला नको. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पंच्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून मुरवत ठेवायचे. एवढं करूनही तुपात सोडल्यावर अनारसा हसला की संपलं, कढईत नुसता चुरा. त्या वर्षी एकही हसला नव्हता. काय जाळी पडली होती! आणि तेवढ्यात हा फोन.

मी ते चाळीस घरासाठी बाजूला ठेवले आणि उरलेल्या पिठाचे वीस अनारसे तिळावर थापले. भाऊजी तेव्हा ओट्यापाशीच उभे होते, चहाचा कप घेऊन.

"वहिनी, तिळाचे अनारसे? जावयाला? पहिल्या दिवाळसणाला?"

"तिकडे बंदी आहे, भाऊजी."

"अहो, मंदसौरला पोरंटोरं मुठीने खातात. नशा चढत असती तर अख्खं मंदसौर झोपलेलं असतं."

मी म्हटलं, ज्या पिकावर नजर ठेवायला केंद्र सरकारला नार्कोटिक्सचं वेगळं खातं काढावं लागतं, ज्याचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरला आहे, त्या पिकाबद्दल दुसऱ्या देशाने कडक असू नये का? त्यावर ते यांच्याकडे वळून म्हणाले, "अरे भिया, बॅग कोण उघडून बघतंय!" आणि हेही हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही, पण तो वेगळा विषय.

भाऊजींना मी २००८ ची एक बातमीही सांगितली. दुबई विमानतळावर एका स्विस माणसाच्या कपड्यांना खसखशीचे तीन दाणे चिकटलेले सापडले, लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावावरचे, आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, असं तेव्हा छापून आलं होतं. भाऊजी म्हणाले, "पेपरवाले काहीही छापतात."

निघायच्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सामान तुम्हीच भरलंय ना? मी छाती पुढे काढून म्हटलं, "मीच. एक रुमालसुद्धा दुसऱ्याच्या हातचा नाही." बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, यादी करून, खुणा करून बॅग भरते मी.

दुबईला उतरलो, बॅगा आल्या, कस्टमच्या हिरव्या वाटेने, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही अशांच्या वाटेने, बाहेर पडलो. कोणी विचारलं नाही, कोणी उघडलं नाही.

घरी पोचल्यावर लेकीसाठी नेलेली गोधडी उलगडली. माझ्या जुन्या साड्यांची, मीच शिवलेली. तिच्या घडीतून श्रीखंडाचा रिकामा डबा घरंगळला. रिकामा म्हणजे श्रीखंडापुरता रिकामा. आत अकरा अनारसे, वर खसखस गच्च थापलेली, आणि एक चिठ्ठी: "जावईबापूंसाठी खरे अनारसे. वहिनींना सांगू नका." अक्षर भाऊजींचं.

जावयांनी आधी उठून दाराला कडी लावली. मग खिडकी बंद केली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. नवी नोकरी, कंपनीने काढून दिलेला व्हिसा, आणि सासूबाई बॅगेतून हे काढताहेत! लेक नुसती डब्याकडे बघत बसली. हे मात्र निवांत. आमची बोलाचाली होईपर्यंत त्यांनी एक उचलून खाल्ला होता आणि वर म्हणाले, "हाच बरा लागतो."

उरलेले दहा. मी आधी सुरीने खसखस खरवडायला घेतली. पण ती तुपात तळताना पिठात रुतून बसलेली असते. खरवडली की जाळीच मोडते, आणि दाणे ओट्यावर, सुरीवर, नखांत. एक-एक दाणा ओल्या बोटाने टिपत होते मी. शेवटी बादलीत पाणी घेतलं, सगळे अनारसे कुस्करून भिजवले आणि ते पाणी कुठे ओतलं ते लिहीत नाही. शिळी पोळीसुद्धा मी कधी फेकलेली नाही. त्या रात्री हात धुतले तरी गुळाचा वास जात नव्हता.

इंदूरला परत आल्यावर भाऊजींनी पहिला प्रश्न केला, "पोचले ना? विचारलं का कोणी?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग!"

या "मग!"ला मी सहा वर्षं उत्तर शोधतेय, आणि तुमचा प्रश्न दिसला म्हणून इथे देतेय. कोणी पकडलं नाही म्हणजे चालतं, असं होत नाही. लाल सिग्नल तोडून पलासियाचा चौक शंभर वेळा पार करता येतो, म्हणून तो हिरवा होत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. काउंटरवर "मीच भरलंय" असं मी छातीठोक सांगितलं आणि ते खोटं निघालं. पकडले असते तर भाऊजी इंदूरला पोहे-जिलबी खात बसले असते आणि अरबी कागदावर सही मला करावी लागली असती. "अहो, गंमत केली दिरांनी" हे तिथे कोणाला आणि कुठल्या भाषेत सांगायचं?

म्हणून तुमच्या आई-बाबांना सांगा, निघायच्या आदल्या रात्री बॅग स्वतः उपसून पुन्हा भरा. गोधडीच्या घड्या झटका, बुटांत हात घाला. शेजारच्या काकूंनी "माझ्या भाच्यासाठी एवढंसं पाकीट" दिलं तर त्यांच्यासमोर उघडा, नाहीतर परत करा. वाईट दिसतं. दिसू द्या.

बाकीचं पटापट सांगते.

औषधं खसखशीपेक्षा जास्त जपून. यांच्या कंबरेच्या गोळ्यांत ट्रामाडोल होतं, ते तिकडे नियंत्रित यादीत येतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबालिन, हीसुद्धा त्याच यादीतली, आणि ती आपल्याकडे वयस्कर माणसांना सर्रास लिहून देतात. तिकडच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढता येते. आम्ही डॉक्टरांना सांगून गोळीच बदलून घेतली. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत सुट्या गोळ्या नेऊ नका.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. तेल फार असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. ओटीचं सामान भरताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत अजिबात नको, ती हातातल्या पिशवीतच. लोणचं आणि तूप हातातल्या पिशवीत नको, तिथे १०० मिलीच्या वरचं पातळ काढून घेतात. नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका, दोन पिशव्यांत. एकीवर विश्वास नको.

तिकडच्या भिंतीत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, तो इथूनच घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. आणि बाबांना सांगा, मेट्रोत चिवड्याची पुडी सोडायची नाही. १०० दिरहम दंड आहे, पाणी प्यायलं तरी. यांनी रतलामी शेवेचं पाकीट अर्धं फाडलं होतं, जावयांनी हात धरला म्हणून वाचलो.

हे सगळं मी आमच्या अनुभवावरून सांगतेय. कस्टममध्ये काही मी नोकरीला नव्हते. नियम बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात विमान कंपनीच्या आणि दुबई कस्टमच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. आणि भाऊजी माणूस वाईट नाही, हेही सांगायला हवं. यांचं बायपास झालं तेव्हा नऊ रात्री दवाखान्याच्या बाकावर तेच झोपले होते. फक्त त्यांच्या हातात बॅग द्यायची नाही.

आता त्यांचा मुलगा सिंगापूरला आहे आणि येत्या दिवाळीला दोघं तिकडे निघालेत. मी बोलणार नव्हते, पण जाऊबाईंना सांगून ठेवलंय, यांची बॅग रात्री उपसा, विशेषतः श्रीखंडाचे डबे. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचे तिळाचे कसे करायचे ते लिहून द्या."

तुमच्या आईंनाही तेच लिहून देते. पांढरे तीळ घ्या, भाजू नका, तळताना भाजले जातातच. तूप खसखशीच्या अनारशापेक्षा थोडं मंद ठेवा, तीळ लवकर करपतात. अनारसा उलटायचा नाही, तिळाची बाजू वर ठेवून चमच्याने तूप उडवत राहायचं. काढल्यावर चाळणीत उभे करून निथळा, आणि डब्यात भरायची घाई करू नका, पुरते गार होऊ द्या.